खोकला थांबला, मग गोळ्या कशाला? टीबीची जुनी औषधं, नवी औषधं आणि हरिपूरचं पेव

दिवाळीत गावी आले की तात्यांच्या बागेत एक चक्कर ठरलेली. तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणी होऊन घड फुलोऱ्यात आलेले, आणि तात्यांचं लक्ष माझ्याकडे कमी, आभाळाकडे जास्त. ढग आले, दव पडलं की डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आलीच म्हणायची. तरी विचारायचं ते त्यांनी विचारलंच.

"काय गं, घावलं का औषध?"

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करते, विषय टीबीवरची नवी औषधं. चार वर्षं झाली, दर दिवाळीला हाच प्रश्न. यंदा त्याला जोड होती. तात्यांनी पेपरात वाचलं होतं की औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा दोन वर्षांचा कोर्स आता सहा महिन्यांवर आलाय. "मग आता तुझं काय काम ऱ्हायलं?" आणि लगोलग दुसरा प्रश्न. वस्तीवरच्या एका गड्याला टीबी निघाला होता. दोन महिने गोळ्या खाल्ल्या, खोकला थांबला, अंगावर मांस चढलं, तशा त्यानं गोळ्या बंद केल्या. आशाताई चकरा मारतायत, हा दार उघडत नाही. "बरं झाल्यावर औषध कोण खातंय? त्येचं तरी काय चुकलं?"

गड्याचं काय चुकलं आणि माझं काय काम राहिलं, दोन्हीचं उत्तर एकच आहे. बांधावर उभं राहून ते मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी जंतूचा स्वभाव

रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. जागतिक क्षयरोग दिन त्याच तारखेला असतो. तेव्हापासून हा जंतू आपल्याला माहीत आहे, आणि तरीही २०२३ या एका वर्षात जगात अंदाजे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला, साडेबारा लाख लोक गेले. दर चार रुग्णांत एक आपल्या देशातला.

या जंतूची पहिली खोड म्हणजे आळस. पोट बिघडवणारा साधा ई. कोलाय जंतू सगळं मनासारखं असेल तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्याच कामाला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. रात्री विरजण लावलं की सकाळी दही लागतं. विरजणातले जंतू टीबीच्या चालीनं वाढले असते तर महिनाभर भांडं झाकून बसावं लागलं असतं.

दुसरी खोड म्हणजे त्याचा रेनकोट. अंगाभोवती मेणासारख्या चरबीची जाड भिंत असते, तिच्यातून पाणी सहज आत जात नाही आणि पाण्यात विरघळलेलं औषधही जात नाही.

आता औषधाच्या बाजूनं बघू. अँटिबायोटिक बहुतेक वेळा जंतूला कामावर असताना गाठतं. आयसोनियाझिड हे टीबीचं जुनं औषध जंतू ती मेणचट भिंत बांधत असतो तेव्हा सामान अडवतं. पण ज्यानं बांधकामच बंद ठेवलंय, त्याचं सामान अडवून काय होणार?

पेवातला जंतू

सांगलीकरांना हरिपूरची पेवं सांगायला नकोत. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं. आत हवा उरत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं तशीच राहते. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. पेव उघडलं तरी माणूस लगेच आत उतरत नाही, कारण आत श्वास घ्यायला हवाच नसते.

टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला की शरीर जवळपास हेच करतं. त्याला मारता येत नसेल तर कोंडतं. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती थरावर थर रचतात आणि गाठ तयार होते. गाठीचा मधला भाग मरतो आणि श्रीखंडाच्या चक्क्यासारखा पांढरट, मऊ होतो. तिथं रक्तवाहिनी नाही, प्राणवायू जवळजवळ नाही. जंतू तिथं मरत नाही. तो काम थांबवून निपचित पडतो. जगातल्या साधारण चौथा हिस्सा माणसांच्या अंगात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे असा अंदाज आहे. त्यातल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच पुढे आजार होतो, कारण बाकीच्यांनी त्याला असं कोंडलेलं असतं.

तात्यांच्या गड्याचं नेमकं हेच झालं असणार. पहिल्या दोन महिन्यांत औषधांनी वाढणारे, कामावर असलेले जंतू मारले. खोकला त्यांच्यामुळे होता, तो थांबला. थुंकीत ते दिसत होते, तेही दिसेनासे झाले. पेवातले मात्र आहेत तिथंच आहेत. पुढचे चार महिने गोळ्या खायच्या त्या या थोड्या उरलेल्यांसाठी. ते अधूनमधून जागे होतात, आणि जागे होतील तेव्हा औषध तिथं हजर पाहिजे.

एकच जालीम औषध का नाही?

हे द्राक्षवाल्याला समजवायला मला अर्धा मिनिट लागला. भुरीवर एकच बुरशीनाशक फवारणी मागून फवारणी मारत राहिलं तर पुढे काय होतं, हे तात्या मला शिकवतील.

टीबीत आकडे असे आहेत. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णाच्या एका पोकळीत दहा कोटी ते शंभर कोटी जंतू असू शकतात. त्यात आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू निव्वळ योगायोगानं, साधारण दहा लाखांत एक, आधीच जन्मलेला असतो. रिफाम्पिसिन या दुसऱ्या मुख्य औषधाला दाद न देणारा साधारण दहा कोटींत एक. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि या मूठभरांना रान मोकळं होतं. दोन्हींना एकाच वेळी दाद न देणारा जंतू सापडायला एकावर चौदा शून्यं इतके जंतू लागतील, तेवढे कुणाच्याच छातीत नसतात.

हा धडा आपण ठेच खाऊन शिकलो. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, टीबीवरचं पहिलं खरं औषध. १९४८ साली ब्रिटनमध्ये त्याच्या चाचणीचा निकाल छापून आला तेव्हा दिसलं की रुग्ण आधी झपाट्यानं सुधारले, मग बऱ्याच जणांच्या अंगातला जंतू औषधाला सरावला. म्हणून आज आपल्याकडे पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, एकाच गोळीत मिसळून रोज देतात. मध्येच सोडणं म्हणजे अर्धी बाग फवारून पंप धुऊन ठेवणं. (रिफाम्पिसिननं लघवी नारंगी होते. त्याला घाबरून गोळ्या सोडणारेही भेटतात. घाबरायचं काही नाही.)

आमच्या आजीच्या लेखी टीबी म्हणजे सांगली-मिरज रस्त्यावरचं वानलेसवाडीचं सॅनिटोरियम. कुणाला "वानलेसवाडीला नेलं" म्हटलं की घरात आवाज खाली जायचा. ज्यांची ऐपत, ते पाचगणीच्या हवेला. रुग्णाला घरातून हलवल्याशिवाय इलाज नाही, हा समज मोडला तो मद्रासमध्ये. १९५६ साली तिथं सुरू झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधं दिली. बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं निघालं, आणि घरच्या माणसांना जास्त लागणही झाली नाही. काम गोळ्यांनी केलं होतं. आज जगभर टीबीचा रुग्ण घरी राहून औषध घेतो, त्यामागे हा अभ्यास आहे, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात तो का नाही हे मला कधी कळलं नाही.

पेवात उतरेल असं औषध

आता माझ्या कामाकडे. लोकांना वाटतं की जंतू मारणारा पदार्थ शोधणं अवघड असेल. तो भाग तुलनेनं सोपा आहे; ब्लीचही टीबीचा जंतू मारतं. माणसाला धक्का न लावता पेवाच्या तळाशी पोचणं, आणि तिथं निपचित पडलेल्याला मारणं, हे अवघड.

याचा एक मोठा दाखला आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे औषध प्रयोगशाळेत टीबीवर उत्तम चालतं. ते जुन्या चार औषधांतल्या एकाच्या जागी घालून कोर्स सहाऐवजी चार महिन्यांचा करता येईल, अशी सगळ्यांना आशा होती. मोठी चाचणी झाली, २०१४ साली निकाल आला. रुग्णांची थुंकी खरंच लवकर स्वच्छ झाली. पण चार महिन्यांनी औषध थांबवल्यावर आजार परत उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. तात्यांच्या गड्याची गोष्ट, पण दीड-दोन हजार माणसांवर मोजलेली.

का झालं असं? पुढच्याच वर्षी एक सुंदर काम छापून आलं. शस्त्रक्रियेत काढलेले रुग्णांच्या फुप्फुसाचे तुकडे घेऊन, कुठलं औषध गाठीच्या कुठल्या थरात पोचलंय याचे नकाशे काढले गेले. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही जुनी औषधं मधल्या चक्क्यात शिरलेली दिसली. मॉक्सिफ्लॉक्सासिन बाहेरच्या पेशींत भरपूर साठलं होतं, चक्क्यात फारसं नव्हतंच. पेवाच्या तोंडापर्यंत गेलं, आत उतरलं नाही.

इथं आमच्या धंद्यातली खरी गोची आहे. जंतूची मेणचट भिंत ओलांडायची तर औषधाचा रेणू थोडा तेलकट हवा. बागायतदार फवारणीत स्टिकर का मिसळतो? द्राक्षाच्या मण्यावरच्या मेणचट थरावरून नुसतं पाणी ओघळून जातं म्हणून. पण रेणू फार तेलकट झाला तर तो रक्तात नीट विरघळत नाही, आणि गाठीतल्या चक्क्यात, जिथं चरबी ठासून भरलेली असते, तिथं पहिल्याच थराला चिकटून बसतो. म्हणजे भिंतीसाठी तेल पाहिजे, पेवासाठी नको. त्यात भर म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरांच्या फुप्फुसात माणसासारखी चक्क्याची गाठ होतच नाही. उंदीर बरा झाला म्हणून आपण नाचावं आणि माणसात आपटावं, असं होऊ शकतं.

चार वर्षं नेमकं करतेस काय?

सकाळी जाडजूड दारांच्या खोलीत शिरायचं. तिथं हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं तर हवा आत येते, बाहेर जात नाही. अंगभर झगा, तोंडाला घट्ट मास्क, हातमोजे दोन-दोन. फोन बाहेर. नाकाला खाज सुटली तर सुटू द्यायची. चहा पिऊन आत जाऊ नये, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

मुख्य काम एका हाताच्या पंजाएवढ्या प्लॅस्टिकच्या थाळीत चालतं. तिला ९६ खळगे असतात. पहिल्या खळग्यात माझा रेणू जास्त, पुढच्यात निम्मा, त्याच्या पुढच्यात त्याच्याही निम्मा, असं करत जायचं. प्रत्येकात जंतू सोडायचे, थाळी सात दिवस उबेत ठेवायची. मग निळा रंग घालायचा. जंतू जिवंत असले तर दुसऱ्या दिवशीपर्यंत तो रंग गुलाबी होतो, नसले तर निळाच राहतो. किती कमी औषधात निळं राहिलं, तो माझा आकडा.

दुसऱ्या वर्षी एकदा अख्खी थाळी निळी आली. अगदी सगळ्यात पातळ खळग्यापर्यंत निळी. मी मास्कच्या आत हसत होते. मग नजर शेवटच्या ओळीवर गेली. बागेत एक ओळ न फवारता ठेवतात तशी ती बिनऔषधाची ओळ, तिथं गुलाबी यायलाच पाहिजे. तीही निळी. म्हणजे औषधानं कुणाला मारलंच नव्हतं. मी सोडलेले जंतूच आधी मेलेले होते, जुन्या बाटलीतले. चूक माझीच. नवे जंतू वाढवण्यापासून सगळं पुन्हा, तीन आठवडे गेले.

जंतू वाढवणंही मजेशीर आहे. त्यांच्या एका जुन्या, अजून वापरात असलेल्या खाद्यात कोंबडीची ताजी अंडी लागतात. ती धुवायची, फोडायची, घुसळून गाळायची, हिरवा रंग घालून नळ्यांत ओतायची आणि नळ्या आडव्या ठेवून वाफेवर घट्ट करायची. पोळा करण्यातलाच प्रकार. त्यावर जंतूचे कण दिसायला तीन ते सहा आठवडे. मध्ये बुरशी आली की नळी फेका.

आणि निळं आलं म्हणजे संपलं नाही. तो रेणू माणसाच्या पेशी मारतो का? यकृत त्याचा दहा मिनिटांत चुरा करतं का? रुग्णाच्या शुगरच्या किंवा एचआयव्हीच्या औषधांशी भांडतो का? चक्क्यातून पार होतो का? माझे आतापर्यंतचे बहुतेक रेणू या शेवटच्या प्रश्नाला गचकले.

मग पेपरातलं ते नवं औषध?

ती बातमी खरी आहे. औषधांना दाद न देणारा टीबी म्हणजे ज्यावर आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन मुख्य औषधं चालत नाहीत तो. पूर्वी त्याला दीड-दोन वर्षं औषधं लागायची आणि त्यात महिनोन्‌महिने इंजेक्शनं. त्या इंजेक्शनांनी कित्येकांची ऐकण्याची शक्ती कायमची गेली.

बदल घडवला बेडाक्विलिननं. त्याच्यावरचं संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं, अमेरिकेत मान्यता डिसेंबर २०१२ मध्ये, भारतात मर्यादित वापर २०१६ पासून. त्याची युक्ती माझ्या फार आवडीची आहे. ते जंतूची ऊर्जा बनवणारी चक्कीच बंद पाडतं. झोपलेल्या माणसाचाही श्वास चालू असतो, तशी निपचित जंतूचीही चक्की थोडी का होईना फिरत असते. म्हणून हे औषध झोपलेल्यालाही गाठतं. त्याच्या जोडीला प्रिटोमॅनिड आणि लिनेझोलिड देऊन दक्षिण आफ्रिकेत १०९ अत्यंत अवघड रुग्णांवर सहा महिन्यांचा कोर्स करून पाहिला. दहातले नऊ बरे झाले. हातापायांना मुंग्या येणं, रक्त कमी होणं असे त्रासही भरपूर झाले, तेही सांगायला हवं. त्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन मिळवून केलेल्या सहा महिन्यांच्या कोर्सला आपल्या सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. तात्यांनी वाचलं ते हेच.

मग माझं काम काय राहिलं? बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतू आत्ताच सापडू लागलेत. काही जंतूंनी आत आलेलं औषध उपसून बाहेर टाकणारा पंप जास्त जोरात चालवायला घेतलाय. बागेत नवं बुरशीनाशक आलं म्हणून पुढचं शोधायचं कुणी थांबवतं का?

"हळदीत सगळं आहे की"

हा प्रश्न सांगलीत येणारच, आणि मला त्याचा राग येत नाही. स्ट्रेप्टोमायसिन आणि रिफाम्पिसिन, दोन्ही मातीतल्या जंतूंपासून मिळालीत. पिंपळी आणि मिऱ्यातलं पाइपरीन रिफाम्पिसिनसोबत देऊन त्याचा डोस कमी करता येतो, हे जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेनं दाखवलं आणि तशी गोळीही निघाली.

हळदीतल्या करक्युमिनची अडचण वेगळी आहे. पोटातून ते रक्तात फारच कमी जातं. शिवाय ते पिवळंधमक, त्यामुळे रंगावर चालणाऱ्या चाचण्यांत खोटे निकाल देण्याबद्दल ते आमच्यात बदनाम आहे. आमटीत घाला, दुधात घाला. टीबीच्या गोळीच्या जागी घालू नका.

खाण्याचा विषय निघालाच तर एक कबुली. झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना जादा शिधा दिला. त्यांच्यात नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. २०२३ साली हे छापून आलं. तांदूळ, डाळ, दूधपावडर. मी ते वाचून थाळ्यांकडे बघत बसले होते. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यावर महिन्याला येणारे ५०० रुपये आता १००० झालेत, ते वेळेवर यावेत एवढंच.

कंपन्यांनाच नको असेल

टीबीचं नवं औषध कंपन्यांनाच नको असेल, असंही लोक म्हणतात. यात तथ्य आहे. टीबी गरिबाला जास्त होतो, आणि गरिबाच्या आजारावर कुणी हौसेनं पैसा लावत नाही. १९६० च्या दशकात रिफाम्पिसिन आल्यानंतर संपूर्ण नव्या पद्धतीनं काम करणारं टीबीचं औषध बाजारात यायला ४० हून जास्त वर्षं लागली. आणि आलं ते महाग. बेडाक्विलिनच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. कंपनीला वेगळ्या क्षाराच्या नावाखाली ती पुढे ढकलायची होती. त्याला आव्हान दिलं दोन तरुणींनी, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींनाही टीबी झाला होता, दोघींची श्रवणशक्ती त्या उपचारात गेली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला, आणि स्वस्त जेनेरिक गोळीचा रस्ता मोकळा झाला.

हे एवढं सगळं बांधावर सांगून झालं नव्हतं. पेवापर्यंतच आले होते, तेवढ्यात तात्या म्हणाले, "म्हंजी त्यानं फवारणी मधीच सोडली म्हण की." आणि पंपाकडे गेले.

पुण्याला परतल्यावर आठवड्यानं त्यांचा फोन आला. गड्याला स्वतः गाडीवर मागं बसवून तासगावला नेलं होतं. थुंकी दिलीय, जंतू अजून औषधाला दाद देतो का ते सीबीनॅट मशीनवर बघतायत. रिपोर्ट आला की डॉक्टर गोळ्या ठरवतील. "आशाताईबी व्हत्या संगं. तुझं काय?"

मी म्हटलं, नवी थाळी लावलीय, मंगळवारी रंग घालायचाय.

"निळं आलं तर सांग," तात्या म्हणाले. "आन् ती बिनऔषधाची ओळ आधी बघ."